सोलांजचं माप

लेओनच्या धाकट्या बहिणीला लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगा झाला आणि त्याचा बाप्तिस्मा झाला, ते १९६५ साल. त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर लेओनची मुलगी सोलांज आखूड झगा घालून आली. चर्चला जायचा झगा तिनं स्वतःच गुडघ्यावर चार बोटं कापला होता. लेओन सगळ्यांसमोर म्हणाली, "असे पाय दाखवत हिंडायचं असेल तर माझ्या दारात येऊ नकोस." सोलांजनं तोंड पुसलं, मावशीच्या बाळाचा मुका घेतला आणि निघून गेली. ती लिओं शहरात आहे, एवढं पुढं कानावर आलं.

लेओन पॅरिसच्या एका मोठ्या शिवणघरात तीस वर्षं सुई चालवत होती. तिथं प्रत्येक गिऱ्हाईक बाईचा एक पुतळा असे. डोकं नाही, हात नाहीत, नुसतं कापडी धड, त्या बाईच्या मापाइतका कापूस लावून भरलेलं. बाई मेली की कापूस उतरवायचा आणि धड दुसरीला द्यायचं.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात शिवणघरातच आखूड झगे आले. रस्त्यावरच्या पोरी घालत तेच, पण जाड रेशमात, संध्याकाळच्या मेजवान्यांसाठी. पहिला झगा एका मंत्र्याच्या बायकोचा होता आणि तो लेओनच्याच हाती आला. लिंबाच्या रंगाचा, वर अंगालगत, कमरेखाली घंटेसारखा, गुडघ्याच्या वर संपणारा. तळ दुमडताना तिचे हात थांबले. जिनेत शेजारी बसे, तिची जीभ तिखट. ती म्हणाली, "आता मंत्र्याच्या बायकोलाही दाराबाहेर काढ बघू."

लेओननं तळ दुमडून पुरा केला. संध्याकाळी तिनं मुख्य बाईंकडे, मादाम ऑर्तांसकडे, उरलेलं रेशीम मागितलं. एक रिकामं धडही मागून घेतलं. सोलांजचे सगळे कपडे तिनंच शिवलेले, त्यामुळे माप विचारायची गरज नव्हती. कंबर बासष्ट सेंटिमीटर. तिनं कापूस लावला, वर कापड ताणून शिवलं आणि जेवणाच्या सुट्टीत झग्याला हात घातला.

उन्हाळ्यात सोलांजचं एक कार्ड आलं होतं. पत्ता आणि एकच ओळ: आई, एकदा ये. झगा पुरा झाला की तो घेऊनच जायचं, असं लेओननं ठरवलं. रिकाम्या हातानं जाऊन बोलायचं काय, हे तिला सुचत नव्हतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका सोमवारी झगा पुतळ्यावर ढिला दिसला. तिनं फीत लावली. साठ. कापूस दबला असेल म्हणून तिनं मूठभर आणखी भरला. बुधवारी अठ्ठावन्न. मादाम ऑर्तांसनी पुतळा वजनकाट्यावर ठेवायला लावला. वजन कापसाइतकं वाढलेलं होतं. कंबर मात्र कमीच.

"पोरगी तिकडं उपाशी राहतेय, लेओन," जिनेत म्हणाली. "चार घास पाठव."

सगळ्याजणी हसल्या. लेओनही हसली. मग तिनं टाके उसवले आणि झगा आत घेतला. कापड कापलं नाही. शिवणघराची रीतच होती, जादा कापडाची माया आत राखायची.

पुढं दर आठ-दहा दिवसांनी तेच. छप्पन्न. चोपन्न. खांद्याची हाडं कापडातून बोटाला लागू लागली, आणि त्या पुतळ्यात हाडं नव्हती. हसणं बंद झालं. दोघीतिघींनी आपापल्या खुर्च्या पलीकडं सरकवल्या.

नोव्हेंबरात जिनेतनं तिची सुई हातातून काढून घेतली. "झगा राहू दे. आज गाडी पकड, बाई."

"अंगाला बसला नाही तर म्हणेल, आईला माझं मापसुद्धा आठवत नाही."

"म्हणू दे की."

"दोनच दिवस," लेओन म्हणाली. आणि तिनं सुई परत घेतली.

शुक्रवारी सकाळी फीत लावली. एकोणपन्नास. शनिवारी पुन्हा लावली. एकोणपन्नासच. लेओनला हायसं वाटलं. आकडा एकदाचा थांबला होता.

त्याच सकाळी झगा खोक्यात घालून तिनं गाडी पकडली.

लिओंच्या घरमालकिणीनं दार अर्धंच उघडलं. सोलांज दोन महिने इस्पितळात होती, छातीच्या दुखण्यानं. आईला कळवू नका, तिला काम असतं, असं ती सांगायची. गुरुवारी गेली. आज सकाळी पुरली.

इस्पितळातल्या ख्रिस्ती जोगिणीनं लेओनला खुर्ची दिली. खोका उघडून झगा पाहिला. झग्याच्या कमरेशी दोन्ही हात धरले.

"शेवटी तिला मीच पुसून काढलं," ती म्हणाली. "एवढीच राहिली होती. तुम्हाला कुणी सांगितलं?"

लेओननं झगा घडी करून परत आणला. ठेवायचा कुठं ते कळेना, म्हणून पुतळ्यावर चढवला. कापूस उतरवायचा मादाम ऑर्तांसनी दोनदा विषय काढला. तिसऱ्यांदा काढला नाही.

डिसेंबरात पाठीचा हूक लागेना.

फीत लावली. एक्कावन्न.

लेओननं दार लोटून घेतलं, टाके उसवले आणि थोडी माया सोडली. जानेवारीत चोपन्न. मार्चअखेर बासष्ट. खांद्याची हाडं बुजली. तिथं आकडा थांबला.

शिवणघर बंद पडलं तेव्हा पुतळा तिनं घरी नेला. मग बदल सावकाश होऊ लागले. वर्षाला जेमतेम अर्धा सेंटिमीटर. छाती जरा उतरली, कंबर भरली. लेओन डोळ्यांना चष्मा लावून दर हिवाळ्यात झगा सैल करी, जुनं गिऱ्हाईक जसजसं वयानं वाढतं तसतसा त्याचा करावा, तसा. १९७८च्या शरदात शिलाईतली शेवटची माया सुटली. कंबर सदुसष्ट होती. तेहतीस वर्षांच्या बाईची असते तशी.

सोलांज लिओंच्या इस्पितळात गुरुवारी, १७ नोव्हेंबर १९६६ रोजी वारली. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती.