बॉनेटच्या पलीकडे कोण होतं?

खरी गोष्ट आहे. आयुष्यभर लोकांना गंडवत आलोय, मान्य. पण हे गंडवणं नाही.

रात्रबित्र नव्हती. टळटळीत दुपार. आमचं गॅरेज.

आमचं म्हणजे... बायकोच्या पहिल्या नवऱ्याचं. तो आजारपणात गेला. पुढे आमचं लग्न झालं, गॅरेजही मीच चालवायला लागलो. गिऱ्हाईकं अजून ऐकवतात, "मिस्त्री असते तर एव्हाना गाडी घरी गेली असती."

मेलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

बायकोची तऱ्हा वेगळीच. तिच्या पर्समध्ये रबरी पाल ठेवली. शेजारच्या पेंटरचा आवाज काढून फोन केले. हसेल तर शपथ! "पुरे झाला पोरखेळ," एवढंच. सासूबाई म्हणायच्या, "आधी हसून घर डोक्यावर घ्यायची."

आधी. म्हणजे त्याच्या वेळी.

त्या दुपारी एका गाडीचा इनटेक मॅनिफोल्ड काढत होतो. इंजिनात हवा सोडणारा भाग, पसरलेल्या पंजासारखा. वरचे बोल्ट सुटले, वाटीत टाकले. एक मात्र खालच्या अंगाला असतो. दिसत नाही, बोटांनीच शोधायचा. त्यावर कसाबसा पाना अडकवला, पण फिरेना.

चार शिव्या हासडल्या आणि पाणी प्यायला मागे गेलो.

परत आलो तर...

वाटी रिकामी.

बोल्ट एका पुठ्ठ्यात खोचलेले. पुठ्ठ्यावर मॅनिफोल्डचं चित्र, आणि ज्या भोकातला बोल्ट त्याच जागी. लांब-आखूड बोल्टांची अदलाबदल नको म्हणून काही जण असं करतात. मी नाही करत.

तो करायचा.

मला हसूच आलं. पेंटर उट्टं काढतोय! बाहेर डोकावलो...

त्याच्या दुकानाला कुलूप.

मग मीही इरेला पेटलो. एक बोल्ट उपटून खिशात घातला. मोठ्यानं म्हणालो, "घ्या मिस्त्री, शोधा आता!"

आणि पान्यासाठी हात खाली घातला.

कर्र...

पाना आपोआप फिरत होता.

हात झटकन मागे घेतला. आवाज थांबला नाही. सावकाश, सवयीच्या हातानं फिरवल्यासारखा... कर्र... कर्र...

मॅनिफोल्ड हलला. सुटला.

खिसा चाचपला. रिकामा.

पुठ्ठ्याकडे बघितलं. बोल्ट एकूण एक जागेवर. खालचासुद्धा.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. माझ्याकडे न बघता सरळ गाडीच्या पलीकडे गेली. तिथे कोणीच नव्हतं. ती मान वर करून उभी राहिली.

माझ्याशी बोलताना तिला मान वर करावी लागत नाही.

"काय?" ती हळूच म्हणाली. ऐकत राहिली...

आणि हसली. पोट धरून. डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

"काय झालं गं?" मी विचारलं.

तिनं डोळे पुसले. "काही नाही. तुला नाही कळायचं."

कप तिथेच ठेवून गेली. त्या बाजूला.

हल्ली ती रोज दुपारी गॅरेजात येते. नवी साडी, केस नीट विंचरलेले. मी काहीतरी निमित्त काढून बाहेर थांबतो. आतून तिचं हसू ऐकू येतं...

भीती वाटते. खोटं कशाला बोलू?

पण जीव जळतो तो वेगळ्याच गोष्टीनं. एवढं काय सांगत असेल हो तो?

आणि... ते माझ्याबद्दलच तर नसेल?