टाकीतलं दुधाळ पाणी

पाइप धाकटीच्या हातातून सुटला, बाल्कनीच्या कठड्यावरून वळवळत खाली गेला, आणि खालून आवाज आला, "अहो! वरती कोण आहे?"

तिनं जीभ चावली. बघायचं धैर्य नव्हतं, तरी वाकून बघितलं. खालच्या बाल्कनीत एक तरुण हातात कप धरून उभा होता. केसांतून पाणी ठिबकत होतं, आणि चष्म्याच्या एका काचेवर हिरवंगार शेवाळ चिकटलं होतं.

"माशांचं पाणी आहे..." ती म्हणाली. "म्हणजे, फारसं स्वच्छ नाहीये."

"ते लक्षात आलं." त्यानं चष्मा काढला. "सोबत मासा नाही ना आला?"

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळेच भरून आले. ते बघून तो शर्ट बदलून वर आला.

हॉलची अख्खी भिंत व्यापणारी ती टाकी तिच्या भावजींची. ताईच्या सासूबाईंचं ऑपरेशन होतं, म्हणून ताई-भावजी गावाला गेले होते आणि घर धाकटीवर सोपवलं होतं. भावजी येतील तेव्हा टाकी लखलखीत दिसावी, म्हणून तिनं फिल्टरचे सगळे स्पंज कढत पाण्यात खळखळून धुतले. झालं! दोन दिवसांत पाणी दुधासारखं पांढरं. मग ती रोज पाणी उपसून नवं भरत होती, आणि ते रोज जास्तच पांढरं होत होतं.

"आत एक म्हातारा गोल्डफिश आहे," ती कशीबशी म्हणाली. "भावजींनी लग्नाआधीपासून सांभाळलाय. त्याला काही झालं तर मी तोंड कुठं दाखवू?"

तो चष्म्याच्या दुकानाचा मालक. माशांतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण टाकीच्या काचेवर मासेवाल्याचा नंबर चिकटवलेला होता, तो त्यानं लावला. मासेवाला म्हणाला, पाणी बदलणं आधी थांबवा. स्पंजमधले चांगले जंतू धुऊन गेलेत, ते पुन्हा वाढू द्या. खाणं चिमूटभर, हवेचा पंप चालू, आणि मासे फारच धापा टाकायला लागले तर बादलीत भरून ठेवलेलं पाणी थोडंसं घाला. बाकी हात लावू नका.

हात न लावता बसायचं, हेच तिला जमेना. म्हणून तो रोज संध्याकाळी वर येऊ लागला... माशांची चौकशी करायला. दोघं टाकीसमोर फरशीवर बसत. पांढऱ्या पाण्यातून एखादं शेपूट काचेजवळ येई आणि परत विरून जाई.

"मला काहीच दिसत नाही," तो एकदा म्हणाला.

"चष्मेवाल्यानं असं बोलू नये."

"टाकीतलं दिसत नाही म्हणालो. टाकीच्या अलीकडचं छान दिसतंय."

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

आणि मग ताईचा व्हिडिओ कॉल आला. तो स्वयंपाकघरात बादल्या भरत होता. मागची टाकी ताईला दिसलीच. "अगं, हे काय? काय केलंस तू?"

"मी नाही... ते खालचे आहेत ना, ते आले आणि काहीतरी औषध टाकून गेले."

शब्द तोंडातून निसटले, आणि तिनं मान वळवली. तो दारात उभा होता.

"दे त्यांना फोन!" ताई कडाडली.

त्यानं हात पुसले, फोन घेतला. "नमस्कार. मी खालचा. चूक झाली माझी." ताईनं त्याला चांगलंच फैलावर घेतलं. तो नुसता "हो, हो" म्हणत राहिला. मग फोन तिच्या हातात देऊन म्हणाला, "बादल्या भरून ठेवल्यात," आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्याही नाही. पाणी मात्र निवळू लागलं. आधी दगड दिसले, मग झाडं, आणि एका सकाळी म्हातारा गोल्डफिश थेट तिच्यासमोर येऊन थांबला. तिला त्याच्याकडेसुद्धा बघवेना. लाजेनं कान तापले. तिनं ताईला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

ताई म्हणाली, "मासे राहू देत. त्या बिचाऱ्याला मी काय काय बोलले! जा आधी त्याच्याकडे."

त्याच्या दुकानात एक आजीबाई तपासणीचा जड चष्मा घालून बसल्या होत्या. त्यांच्यादेखतच ती म्हणाली, "मी खोटं बोलले. ताईला खरं सांगितलंय. तुमच्याशी असं वागायला नको होतं मी... मला माझीच लाज वाटते."

तो हातातली काच पुसत राहिला. "शिव्या खायला माझी हरकत नव्हती. तुमचा चेहरा इतका उतरला होता, की म्हटलं, घेऊ आपल्यावर."

"मग आला का नाहीत?"

"मला वाटत होतं, ताईला सांगताना मी निदान 'खालचे' यापेक्षा... थोडा जास्त असेन." तो ओशाळून हसला. "उगाच आपलं."

आजीबाईंनी चष्म्याआडून दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"जास्तच होतात," ती हळूच म्हणाली. "म्हणून तर मला जास्त लाज वाटली."

त्यानं काच खाली ठेवली. मग तिनं मान वर केली, आणि पहिल्यांदाच 'अहो-जाहो' सोडून विचारलं,

"संध्याकाळी... येशील ना?"