पट्टा तुटत नव्हता म्हणून

पट्टा तुटला तो भर रस्त्यात, आणि माझी भलीमोठी पिशवी थेट बॅगा दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानाच्या पायरीवर आदळली. आत तो दातांत मेण लावलेला दोरा धरून कुणाच्या तरी बॅगेला टाके घालत होता.

"शिवून देतो," तो म्हणाला. "आधी रिकामी करा."

मी एकेक वस्तू काउंटरवर काढत गेले. सोसायटीच्या मीटिंगचं रजिस्टर. गाण्याच्या ग्रुपच्या झेरॉक्स. पुतणीच्या गणिताच्या वह्या. मैत्रिणीच्या बाळासाठी अर्धवट विणलेला स्वेटर. परगावी गेलेल्या काकूंच्या किल्ल्या, कुंड्यांना पाणी घालायला.

"आणि यातलं तुमचं काय?"

मी तळाशी चाचपलं. एक रुमाल निघाला.

तो हसला नाही. ओठांचा एक कोपरा तेवढा हलला… आणि माझं लक्ष तिथेच अडकून बसलं.

पंधरा दिवसांत पट्टा पुन्हा तुटला. "माझी शिवण शाबूत आहे," तो अंगठा फिरवत म्हणाला. "शेजारचं कापड फाटलंय. ओझं उतरवा."

"कसं उतरवू? सगळ्यांना हो म्हणून बसलेय."

"हो म्हणता, की बघते म्हणता?"

खरंच की. मी 'बघते' म्हणायचे आणि समोरचा निश्चिंत व्हायचा.

"माझ्यावर सराव करा. हा डबा माझ्या बहिणीकडे पोचवाल?"

"बघ—"

"हं?"

"नाही."

"शिक्षा झाल्यासारखं नको. हसून म्हणा."

"नाही हो जमायचं," मी हसून म्हटलं. त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं… मग घाईने सुईत दोरा ओवायला घेतला. सुईत आधीच दोरा होता.

त्याच आठवड्यात मी रजिस्टर चेअरमनकाकांना परत केलं. काका तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी स्वतःच लिहायला बसले. ग्रुपच्या ताई म्हणाल्या, "सोडतेस? बरं. तशी तू बेसूरच होतीस गं." वह्या वहिनीकडे गेल्या, किल्ल्या काकूंच्या भाच्याकडे. स्वेटर मात्र ठेवला. तो मला मनापासून विणायचा होता.

पिशवी हलकी झाली. खांदा हलका झाला. मी चालता चालता गुणगुणायला लागले, बेसूर.

आणि पट्टा मेला तुटेचना. एक आठवडा गेला, दुसरा गेला… आता कुठल्या निमित्ताने चढायची ती पायरी?

शनिवारी गेले. "तुटला," मी खाली बघत म्हटलं.

त्याने पट्टा उजेडात धरला. मग चष्मा लावून पुन्हा धरला.

"हा तुटलेला नाही. कापलाय. कात्रीने. आणि कात्री बोथट आहे."

माझे कान तापले. "लोकरीची होती," मी पुटपुटले.

त्याच्या हातातलं रीळ निसटलं आणि काउंटरवरून घरंगळत माझ्यापाशी आलं.

"दोन आठवडे मी अर्धा तास आधी दुकान उघडतोय," तो हळूच म्हणाला. "तुमची ऑफिसला जायची वेळ असते ना, म्हणून… उद्या संध्याकाळी नदीकाठी फिरायला याल? माझ्याबरोबर?"

सवयीने जिभेवर आलंच, बघ…

त्याची सुई अधांतरी थांबली.

"येईन," मी म्हणाले. "उद्याचा अख्खा दिवस मोकळा आहे. आणि पिशवी आणणार नाही."

"मग हात रिकामे राहतील तुमचे."

"म्हणूनच."