गणपतीला घरी असणारी माणसं

"मॅडम, इथे माणसं शोधून देतात म्हणे?"

दारात एस.टी.चा कंडक्टर उभा. खाकी शर्ट आषाढाच्या पावसात चिंब, चामड्याची बॅग पोटाशी धरलेली, आणि माझ्या नुकत्याच पुसलेल्या लादीवर हे एवढं तळं!

"माणसं पोलीस शोधतात," मी म्हटलं. "इथे कॉम्प्युटर शिकवतात. आणि चपला बाहेर!"

तो हसला. निमूट मागे सरून चपला काढून आला. "रक्त देणारी माणसं हवीत," तो म्हणाला. "बी निगेटिव्ह. बहिणीसाठी..."

माझ्या कपाळावरची आठी कुठल्या कुठे गेली. मी त्याला खुर्ची दिली.

ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. परशुरामकाकांच्या टायपिंग क्लासात तेव्हा नवाकोरा कॉम्प्युटर आला होता. तो चालवायला मी – उल्का, बी.कॉम., जिभेने जरा तिखट. काकांना समाजकार्याची भारी हौस. गावोगावच्या शिबिरांत ज्यांनी रक्त दिलं, त्या सगळ्यांची सूची त्यांनी माझ्याकडून कॉम्प्युटरमध्ये भरून घेतली होती. नाव, वय, रक्तगट, गाव. मग रक्तगट अमुक, तालुका तमुक असं टाइप केलं की तेवढीच नावं पडद्यावर उरायची, बाकीची गळून जायची. चाळणीच म्हणा ना.

त्याचं नाव महिपत. आईबाप नाहीत, घरात तो आणि धाकटी बहीण गोदा, दोघंच. गोदाच्या हाडांत रक्त तयारच होत नव्हतं. दर तीन आठवड्यांनी एक बाटली चढली तरच ती जगणार होती. महिपतचं स्वतःचं रक्त जुळत नव्हतं, आणि ज्यांचं जुळत होतं ते आप्त देऊन थकले होते.

मी चाळणी लावली. हिरव्या अक्षरांत नऊ नावं आली. प्रिंटर करकरायला लागला तसा तो उठून उभाच राहिला.

"नऊ! मॅडम, आजपासून तुम्हाला तिकीट माफ."

"एस.टी. काय तुमच्या घरची आहे?"

"मग माझ्या पगारातून कापू देत." त्याने कागद घडी करून छातीच्या खिशात ठेवला आणि जाता जाता असं काही बघितलं... छे! मी उगीचच कीबोर्ड पुसत बसले.

आठवडाभराने तो परत आला. चपला आठवणीने बाहेर.

"मॅडम, तुमच्या यंत्रात माणसं आहेत," तो म्हणाला. "गावात नाहीत."

"म्हणजे?"

"ड्युटीवर असताना स्टॉपास्टॉपवर विचारलं. सुट्टीच्या दिवशी घरी जाऊन आलो. आठ जण मुंबईला. कोण गोदीत, कोण गिरणीत. येतील म्हणे... गणपतीला."

मी कपाळावर हात मारला. शिबिरं गणपतीतच तर व्हायची! तेव्हाच गावं भरलेली असतात, म्हणून काकांनी मुद्दाम तेव्हा ठेवलेली. आणि आपल्या माणसाला "राहता कुठे?" विचारा – वीस वर्षं परळच्या खोलीत काढलेला गडीसुद्धा छाती पुढे काढून गावाचंच नाव सांगणार. मी तेच टाइप केलं होतं. आमची सूची वर्षातले पाच-सात दिवस खरी होती, बाकी सगळी रिकामी घरं.

"आणि नववं कोण?" मी विचारलं.

"पावसची जनी. आंब्याच्या बागेत कामाला असते. ती तेवढी बारमाही इथे. आज तिलाच घेऊन आलो. देऊन गेली बिचारी, चहासुद्धा घेतला नाही."

त्या दिवसापासून मी सूचीत एक रकाना वाढवला : वर्षभर मुक्काम कुठे. महिपतने आपल्या रूटवरच्या गावांची चौकशी करायची आणि मी ती भरायची. रोज संध्याकाळी गाडी डेपोत लावली की तो यायचा. कधी ओल्या रुमालात सोनचाफा, कधी फणसाच्या आठळ्या भाजून आणलेल्या.

"हे कशाला?" मी विचारायची.

"यंत्राला नैवेद्य."

"यंत्र चाफा माळत नाही."

"मग यंत्रवालीने माळावा..." एवढं म्हणून तोच लाजायचा! मला हसू यायचं. पण गोदाला रक्त चढवायचा दिवस जवळ आला की चाफा नसायचा, आल्या आल्या तो सूचीच उघडायला लावायचा.

एकदा मी दवाखान्यात तिला बघायला गेले. एकोणीस वर्षांची पोर, कागदासारखी पांढरी. मला बघून डोळे मात्र मिचकावले.

"हीच काय रे ती चपलावाली?" तिने भावाला विचारलं. तो कानापर्यंत लाल झाला. मग ती माझा हात धरून हळूच म्हणाली, "ताई, माझां काय खरां नाय. दादाला तेवढां सांभाळ."

"गप बस," मी खेकसले. "उगाच वाह्यात बोलायचं नाही." बाहेर येऊन जिन्यात मनसोक्त रडले.

श्रावणात एक बाटली कोल्हापूरहून आली, एक कुठूनशी डॉक्टरांनी मिळवली. दिवस कसेबसे पुढे ढकलत आम्ही गणपतीची वाट बघत होतो. आणि गणपती आले! गाड्या भरभरून चाकरमानी उतरले. महिपतने एकेकाला गाठलं. आठच्या आठ जण दवाखान्याच्या दारात हजर, बाह्या सरसावून! माझा तर आनंद गगनात मावेना.

डॉक्टर म्हणाले, "आत्ता दोघांचं पुरे. रक्त लोणच्यासारखं बरणीत घालून वर्षभर पुरवता येत नाही."

म्हणजे गौरी गेल्या की हेही जाणार, आणि पुढच्या खेपेला आम्ही पुन्हा हात चोळत बसणार. तिथेच बाकावर बसून मी आठही जणांचे मुंबईचे पत्ते उतरवून घेतले. क्लासात आले, एकेकाच्या पुढे मुक्काम भरला, आणि चाळणी उलटी लावली. रक्तगट बी निगेटिव्ह, मुक्काम मुंबई.

आठही नावं झर्रकन वर आली. पाळीपाळीने एकेकाने दिलं तर बाटली चुकणार नव्हती. गोदा तिकडे असली, तर जगत होती.

मला समोर स्वच्छ दिसत होतं की हा कागद महिपतच्या हातात दिला की तो जाणार. नोकरी गेली तर गेली, तो बहिणीला घेऊन जाणारच. आणि मी कोण लागत होते त्यांची, बरोबर जायला? पण गोदाचे ते मिचकावलेले डोळे आठवले, आणि मी प्रिंटरचं बटण दाबलं.

त्याने कागद वाचला. घडी करून छातीच्या खिशात ठेवला.

"लालबागला गावकऱ्यांची खोली आहे," तो म्हणाला. "तिथे राहू. पण उल्का..." पहिल्यांदाच त्याने नाव घेतलं. "तुम्ही जाऊ नका म्हणालात, तर मी..."

"मी तसं म्हणणार नाही," मी म्हटलं. "आणि जा असंही माझ्या तोंडून वदवून घेऊ नका."

स्टँडवर मी पोचवायला गेले. गोदाला खिडकीशी बसवून तो खाली उतरला. पाऊस नव्हता, नुसता दमट उकाडा.

"मी परत येईन," तो म्हणाला.

"नका येऊ."

"काय?"

"मला तुम्ही आवडता. फार आवडता, झालं? म्हणूनच सांगते. तुम्ही परत याल ते गोदा नसेल तेव्हाच. तर येऊच नका... म्हातारे व्हा तिकडेच, पण येऊ नका."

त्याचे डोळे भरून आले. डबल बेल झाली. तो धावत चढला आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत दारातच लोंबकळत राहिला.

मुंबईच्या गाडीवरचे कंडक्टर निरोप आणायचे. "महिपतने सांगितलंय, गोदा बरी आहे." मी म्हणायची, "बरं." घरी येऊन देवापुढे हात जोडायची : आजही तो आला नाही, असंच असू दे. कुठल्या मुलीने असं मागितलं असेल हो? आणि निजले की नेमका तोच डोळ्यांपुढे.

दिवाळी गेली. संक्रांत गेली. माघात मोहोराचा वास सुटला होता. मावशीला गुहागरच्या गाडीत बसवून द्यायला मी सकाळी स्टँडवर गेले होते. मुंबईची गाडी आली. माणसं उतरायला लागली, आणि त्यांत महिपत उतरला. हातात पत्र्याची ट्रंक, गालफडं बसलेली.

माझं काळीज आनंदाने उसळलं... हो, उसळलं, खोटं कशाला बोलू? पण मी त्याच्याकडे बघतच नव्हते. मी त्याच्या मागे, गाडीच्या दाराकडे बघत होते. एक म्हातारी उतरली. एक पोरगा उतरला. मग ड्रायव्हर उतरून चहा प्यायला गेला, आणि गाडी रिकामी झाली.

"रक्त एकदाही कमी पडलं नाही," तो समोर येऊन म्हणाला. "सगळे आले, एकजात. पण ताप आला... तीन दिवसांत गेली." त्याने ट्रंक दुसऱ्या हातात घेतली. "तुम्ही येऊ नका म्हणाला होतात."

मावशी खिडकीतून बघत होती. सगळा स्टँड बघत होता. बघेनात का! मी त्याच्या हातातली ट्रंक खाली ठेवली आणि त्याचे दोन्ही हात घट्ट धरले.

"म्हणाले होते," मी म्हटलं. "आता जाऊ नका."