जुईच्या वतीने

जुई गावंडे बोलली. नवव्या वर्षी, पहिल्यांदाच, आणि तेही अर्जाच्या मराठीत. अकोल्याच्या सहवास विकासकेंद्रात त्या दुपारी दोन तज्ज्ञ हजर होते, दोघांनीही ते ऐकलं. केंद्राच्या दप्तरी मात्र ती अद्याप बोललेली नाही, आणि दप्तराशी वाद घालून कुणाचं भलं झालेलं नाही. तेव्हा ती बोललीच नाही असं धरून सुरुवात करू.

जुईच्या आईला, कल्पनाताईंना, पंधरा दिवस झोपायचं होतं. बाकी काही नको होतं. केंद्राचं विसावाघर त्यासाठीच बांधलेलं : मूल तिथे राहतं, आई घरी जाऊन झोपते. नवा नियम एवढाच, की मुलाने स्वतः होकार द्यायचा आणि तेव्हा पालक खोलीबाहेर हवेत. न बोलणाऱ्या मुलांसाठी हा नियम करणाऱ्या समितीतले सगळे सभासद उत्तम वक्ते होते.

म्हणून मनोवाचक आला. कपाळाला बांधायची एक मऊ पट्टी, ती मेंदूच्या लहरी टिपते. आणि टेबलावर साबणाच्या डबीएवढं एक यंत्र, ते बोलतं. फरीदा देशमुख या अभियंता तरुणीने ते बनवलं होतं, आणि दोन वर्षं जुईच्या प्रत्येक भेटीला ती पट्टी जुईच्या कपाळावर होती. यंत्राचं शिकणं पूर्ण झालं, असं फरीदाने जाहीर केलं, तेव्हा कल्पनाताईंना व्हरांड्यात पाठवण्यात आलं.

केंद्राचे प्रमुख डॉ. मोहोड खुर्ची पुढे ओढून बसले. "जुई, इथे पंधरा दिवस राहशील का?"

जुई डब्याचं झाकण जमिनीवर गरगर फिरवत होती. तिने वर पाहिलं नाही. डबीतून लहान मुलीचा आवाज आला, "चहा पायजे."

जुई चहा पीत नाही. डॉक्टरांनी प्रश्न पुन्हा विचारला. डबी म्हणाली, "कंबर दुखून राहिली."

"नऊ वर्षांच्या पोरीची?" डॉक्टरांनी फरीदाकडे पाहिलं.

"यंत्राला विचार वाचता येत नाही, सर. अमुक लहर उठली तेव्हा कोणते शब्द बोलले गेले, एवढंच ते जुळवून ठेवतं. पुन्हा तशी लहर दिसली की तेच शब्द बोलतं."

"कोणी बोललेले शब्द?"

फरीदाने व्हरांड्याच्या दिशेने पाहिलं. दोन वर्षं या खोलीत प्रत्येकाने जुईला प्रश्न विचारला होता आणि उत्तरासाठी आईकडे पाहिलं होतं. जुईला काय हवंय? भूक लागली का? दमली का? उत्तरं सगळी कल्पनाताईंनी दिली होती, आणि यंत्राने ती इमानदारीने जुईच्या नावावर चढवली होती. सगळ्यात जास्त प्रश्न डॉक्टरांचे होते.

"म्हणजे आपण दोन वर्षं खपून आईचा पोपट केला," डॉक्टर म्हणाले. "बिघाड म्हणून नोंदवा."

"शब्द आईचे आहेत. पण लहर आत्ताची आहे, सर. आणि ती हिच्या डोक्यात उठलीय."

फरीदाने दार उघडलं. व्हरांड्यातल्या एकुलत्या एक बाकावर दुरुस्तीला काढलेला पंखा पहुडला होता, म्हणून कल्पनाताई उभ्या होत्या. एक हात कमरेवर. चहावाला नुकताच येऊन गेला होता. पोरगी कदाचित आज बोलेल आणि आपण चहा फुंकत बसू, हे बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी घेतला नव्हता.

फरीदाने त्यांना फाटकापर्यंत पाठवलं. डबी गप्प झाली. परत बोलावलं, तशी पावलं वाजताच डबी म्हणाली, "टाच भरून आली." मिक्सरच्या आवाजाने कानांवर हात ठेवणाऱ्या त्या मुलीला भिंतीपलीकडच्या चपलांचा भार कोणत्या पायावरून कोणत्या पायावर गेला, हे ऐकू येत होतं. झाकण एकाच लयीत फिरत होतं.

कल्पनाताईंना आत बसवून डॉक्टरांनी सगळं समजावलं. त्यांना फारसं नवल वाटलेलं दिसलं नाही. त्या हळूहळू आठवत गेल्या. जुई दुपारी पाण्याचा पेला भिरकावते. दुसरा भरायला गेलं की त्या स्वतःही पिऊन घेतात. लग्नात जावांनी पोरीबद्दल विचारायला सुरुवात केली की जुई किंचाळते, आणि दोघींना निघून यावं लागतं. मग त्या म्हणाल्या, "अन् रस्त्यात फतकल मारून बसते ना जी, तवा मी बी बसतो तिच्याजवळ. मंग पाय हलके होते."

"रस्त्यात बसणं तर आपण जवळजवळ बंद केलं होतं," डॉक्टर म्हणाले. हे केंद्राचं मोठं यश होतं, वार्षिक अहवालात त्याचा फोटोही होता.

"हो जी. तवापासूनच कंबर धरली."

मग डॉक्टरांनी अडचण मांडली. विसावा देखभाल करणाऱ्यालाच देता येतो. आता समोर आलेला पुरावा पाहता, या घरात देखभाल नेमकी कोण करतं, हे समितीला विचारावं लागेल.

"इचारा जी कोणालेबी. मले फक्त..." कल्पनाताई म्हणाल्या आणि वाक्य अर्धवट सोडून बसल्या जागी झोपल्या. मान खुर्चीच्या पाठीवर टेकली. श्वास संथ झाला.

जुईने झाकणावर तळहात ठेवला. ते थांबलं. आता कान देण्यासारखं काही उरलं नव्हतं.

फरीदाने पडद्याकडे बोट दाखवलं. जुईच्या कपाळाखाली एक नवी लहर उठली होती. तिच्या जवळची अशी एकच यंत्राच्या शिकवणीत होती : दर महिन्याला कल्पनाताई याच खोलीत विसाव्याचा अर्ज मोठ्याने वाचून दाखवत, त्या वेळची. दुसरे शब्द यंत्राकडे नव्हतेच. अर्जदार म्हणून त्याने पट्टी जिच्या कपाळावर आहे तिचं नाव घातलं, आणि मग अर्जातली बाकीची माणसं आपोआप आपापल्या जागा बदलून बसली.

"आवाज कमी करा," डॉक्टर कुजबुजले. "त्या उठतील."

डबीने आधीच आवाज खाली आणला होता.

"प्रति, माननीय प्रमुख, यांस. अर्जदार जुई गावंडे सविनय सादर करते, की माझ्या आईची देखभाल मी गेली नऊ वर्षे एकटी करीत आहे. तरी मला सलग पंधरा दिवस विसावा मिळावा. तेवढे दिवस तिची सोय आपल्या विसावाघरात करावी. तिला गर्दी सहन होत नाही. रात्री दचकून उठल्यास हात धरून बसावे. तिला काय हवे ते तिला विचारू नये, तिला सांगता येत नाही. मला विचारावे."