हेडलाइटची रेघ

ए, तो मोबाइल खिशात घाल बघू. तोंडावर उजेड पाडून भूत पळत नसतं, आणि ही गोष्ट तर उजेडाचीच आहे.

माझ्या पंक्चरच्या दुकानाला लागून दोघा भावांचं गॅरेज. थोरल्याला सगळे दादाच म्हणायचे. धाकटा हाताचा चलाख, पण उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग.

गेल्या नोव्हेंबरातला शेवटचा शुक्रवार. एक पिकअप आली. ड्रायव्हर म्हणाला, "गाडी पुढून वाकल्यासारखी दिसते. नाक उचला, मागच्या बरोबरीला आणा आणि टायर मोठे घाला." आता पिकअप पुढून खाली असते ती काय उगीच? माल भरला की मागची बाजू बसते आणि गाडी सपाट होते. रिकामीच सपाट केलीत, तर भरल्यावर नाक आभाळाला! म्हणून नाक उचललं की हेडलाइट खाली घ्यावेच लागतात.

ते काम दादा स्वतः करायचा. मागच्या भिंतीवर खडूनं आडवी रेघ मारायची, गाडीसमोर उकिडवं बसायचं आणि उजेड रेघेच्या खाली आला की तिथं बरोबरची खूण करायची. खूण झाल्याशिवाय गाडी बाहेर जायची नाही.

त्या दिवशी दादा सामान आणायला गेलेला. धाकट्यानं पुढच्या स्प्रिंगांवर लोखंडी चकत्या चढवल्या, चांगले दणकट टायर निवडले, वळताना ते घासत नाहीत एवढं पाहिलं. ड्रायव्हरची घाई चाललेली. तेवढ्यात दादाचा फोन आला. स्पीकरवर होता, मीही ऐकला.

"लाइट खाली घेतलेस का?"

"घेतले, घेतले!"

घेतले नव्हते. ते मला नंतर कळलं.

रात्री तीच पिकअप सिमेंट भरून खाणीच्या वळणावर आली. दिवे झाडांच्या शेंड्यांवर, रस्ता काळाकुट्ट. दादा बसमधून उतरून पायी घरी येत होता...

ड्रायव्हर एकच सांगत राहिला, "मला माणूस दिसलाच नाही हो." कोण ऐकतंय! प्यायला असेल म्हणाले आणि आत घातला. वहिनीनं त्याला नाही नाही ते शिव्याशाप दिले. धाकटा तिच्याच शेजारी मान खाली घालून बसलेला.

पंधरवड्यानं मालकानं पिकअप ठाण्यातून सोडवून गॅरेजात आणली. म्हणाला, होती तशी करून दे. चकत्या निघाल्या की कुणाला काही कळणार नव्हतं. धाकट्याला ते पुरतं माहीत होतं.

डिसेंबरातला तिसरा मंगळवार. रात्रीचा दीड. शटर आतून ओढलेलं, धाकटा एकटा. चकत्या काढल्या, जुने टायर चढवले. दिवे लावून पाहिले.

भिंतीवर उजेड पडला. उजेडात सावली.

उकिडव्या बसलेल्या माणसाची.

गाडीपुढे कुणी नव्हतं.

मग खडूचा आवाज. सर्रर्र... हळू. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"लाइट खाली घेतलेस का?"

"दादा... नाही घेतले, दादा. खोटं बोललो मी."

सावली उठली नाही. बसूनच राहिली...

आणि दिवे गेले.

सकाळी शटर बडवून मी त्याला बाहेर काढलं. लहान पोरासारखा रडत होता. तेव्हा सगळं बोलला. मी म्हणालो, "अरे, मला सांगून काय उपयोग? वहिनीला सांग. ठाण्यात सांग. त्या ड्रायव्हरलाही बायकापोरं आहेत रे!"

"सांगतो," म्हणाला. "उद्या."

शेवटी मीच ठाण्यात जाऊन आलो. पुरावा काय, म्हणाले. चकत्या केव्हाच भंगारात गेलेल्या. आता त्याच्या तोंडचा शब्द हाच काय तो पुरावा, आणि त्याचा उद्या अजून उजाडलेला नाही.

त्या सकाळी भिंतीवर रेघ होती. दादाच्याच हातची, शेवटाला जराशी उतरणारी. धाकट्यानं ती पुसली. मग भिंतीला रंग दिला, एकदा नाही, दोनदा. रोज सकाळी ती परत असते. आजही होती, मी बघून आलोय.

नुसती रेघ. खाली खूण नाही.