झेंडूखाली तापलेली पेटी

हे तुमचंच पाप आहे, सरकार! विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केलात आणि पंधरा वर्षं त्याच्यावर बसून राहिलात. गरिबांची घरं जळाली, आणि तुम्ही 'विचार चालू आहे' म्हणत राहिलात. त्यातून हे रोजचे मोर्चे, रोजचे बंद. अशाच एका बंदला शैला पैठण रस्त्यावर एसटीची वाट बघत उभी होती... आणि समोर एक लुना थांबली.

"चितेगावला ना, मॅडम? बसा. आज गाडी येत नाय."

तो मुंजाबा. फुलंब्रीकडच्या धनगराचा पोरगा, चितेगावच्याच कारखान्यात पत्रा वाकवायचा. त्या पत्र्याची कॉम्प्युटरची कॅबिनेटं व्हायची आणि ती शैला तपासायची. पुढं एसटी सुरू झाली, तरी लुना थांबतच राहिली.

खंडेनवमीला कारखान्यातल्या प्रत्येक मशीनची पूजा झाली. शैला जेवून आली तर चाचणीला लावलेल्या नव्या कॅबिनेटमधला कॉम्प्युटर थिजलेला. तिनं हात लावला. पत्रा चटका देत होता! पुढच्या जाळीवर झेंडूचा हा एवढा जाड हार.

"कोणी घातला हा?"

"म्या," मुंजाबा पुढं आला. "समद्यांना फुलं, अन् तुमच्याच पेटीला नाय?"

"अहो, मागचा पंखा हवा ओढणार कुठून? जाळीच बुजवलीत!"

बाकीच्या मशिनींवर दोन-दोन फुलं होती. ह्याच हारात मधूनमधून पांढरी शेवंती ओवलेली... शेवंती आवडते, असं ती लुनावर एकदाच बोलली होती.

"चूक माझी," तो म्हणाला. "पेटीला नापास नका करू."

"करणार! देखणी आहे, पण हवेला वाट एकच. उद्या लोक घरोघरी कॉम्प्युटर घेतील, दसऱ्याला हार घालतील, वर विणलेला रुमाल टाकतील. ह्या गावात चालायची तर बाजूनंही जाळी हवी. नाहीतर आतल्या आत तापत बसायची—" तिनं डोळे वर केले. "काही माणसांसारखी."

मुंजाबा पाना पुसत राहिला. पाना कधीचा स्वच्छ झाला होता.

"मॅडम, नामांतराच्या मोर्चात तुमच्या वडलांनी, दत्तोपंतदादांनी, मला बघितलंय. त्यांना विद्यापीठाचं नुसतं नाव सोसंना. धनगराचा जावई सोसंल?"

"जावई?" शैला हसली. "कोण म्हणालं जावई?"

त्याचे कान लालभडक. "तोंडातून... गेलं."

"दादांना मी काल सांगितलं."

"आँ! मग?"

"भांडी आपटली. जेवले नाहीत. त्यांच्याशी मी भांडेन, रोज भांडेन. पण कोणासाठी भांडतेय, ते मला कळायला नको?"

तिनं जाळीवरचा हार उचलला, शेवंतीचं एक फूल खुडून वेणीत खोचलं आणि मागं वाकून बटण बंद करून पुन्हा दाबलं. पंखा घुरघुरला. पेटीच्या मागून ऊन ऊन वारा आला आणि तिच्या कपाळावरची बट हलली.

"माझा ठराव झालाय, मुंजाबा," ती पहिल्यांदाच अरेतुरेवर आली. "सरकारसारखी पंधरा वर्षं लावू नकोस. बोल, व्हय का नाय?"